लांगटांगच्या लॉजवर कामाच्या बदल्यात मुक्काम: अनुभव आणि काही प्रश्न

डोंगरवाट (धागाकर्ती)

परदेशातल्या एखाद्या डोंगरी लॉजवर काही आठवडे राहायचे, पडेल ते काम करायचे आणि त्याच्या बदल्यात जेवण व निवारा घ्यायचा, ही कल्पना आपल्याकडच्या भटक्या मंडळींत आता चांगलीच रुजली आहे. वर्कअवे, वर्ल्डपॅकर्स यांसारख्या संकेतस्थळांवर असे यजमान सापडतात आणि दिवसाला साधारण चार-पाच तास, आठवड्यातून पाच दिवस काम, असा सौदा तिथे मांडलेला असतो. गेल्या शरदात मी नेपाळमधल्या लांगटांग खोऱ्यात अशाच एका लॉजवर राहून आले. तिथल्या निसर्गाची वर्णने इथे पुष्कळ झाली आहेत, त्यामुळे त्यात भर घालत नाही. काम नेमके काय असते, यजमानाला आपला उपयोग किती होतो आणि कोणत्या बाबतीत माझे मन खात राहिले, एवढेच मांडते.

नेपाळ निवडण्यामागे हिमालयाइतकेच कायद्याचेही कारण होते. पर्यटक व्हिसावर नेपाळमध्ये आलेल्या परदेशी नागरिकाला बिनपगारी कामही करता येत नाही. भारतीयांना मुळात व्हिसाच लागत नाही आणि 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारातील सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे निवास, मालमत्ता, व्यापार व ये-जा यांबाबत समान वागणूक देण्याचे मान्य केलेले आहे. त्यामुळे एखाद्या फ्रेंच किंवा इस्रायली मुलाला जे चोरून करावे लागते, ते आपण उजळ माथ्याने करू शकतो. फक्त विमानाने जाणाऱ्या प्रौढांनी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे. आधार कार्डाच्या भरवशावर विमानतळ गाठू नये.

काठमांडूहून बसने स्याफ्रुबेसी, तिथून पायी लामा हॉटेल नावाची वस्ती, मग लांगटांग गाव आणि शेवटी 3,870 मीटर उंचीवरचे क्यांजिन गोंपा, असा हा मार्ग आहे. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात वरून कोसळलेल्या बर्फ-दगडांच्या लोंढ्याखाली जुने लांगटांग गाव गाडले गेले. त्या पसाऱ्यावरूनच आजची वाट जाते. खोऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातले कुणी ना कुणी त्यात गेलेले असल्याने पाहुण्याने त्या विषयाची चौकशी स्वतःहून करू नये, हे मला पहिल्याच दिवशी एका वाटाड्याने बजावले होते. ते योग्यच होते.

आता कामाविषयी. लॉजचा कणा म्हणजे ऑर्डरची वही. रात्रीच्या जेवणानंतर प्रत्येक पाहुण्याकडून दुसऱ्या दिवशीच्या न्याहरीचा पदार्थ आणि वेळ लिहून घ्यायची, खोली क्रमांकापुढे टिपायची, आणि चेकआउटच्या वेळी त्याच पानांवरून बिल काढायचे. ऐकायला सोपे वाटते, पण एकाच गटातल्या आठ जणांनी सहा प्रकारची न्याहरी साडेसहालाच मागितली, तर दोन शेगड्यांच्या स्वयंपाकघरात काय होते ते एकदा उभे राहून पाहावे. क्यांजिन गोंपाच्या उंचीवर पाणी साधारण 87 अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि बटाटेही हटून बसतात. म्हणून ऑर्डर घेणाऱ्याचे खरे कौशल्य लिहून घेण्यात नसून पाहुण्याला गोडीगुलाबीने एका पदार्थावर आणण्यात असते. "सगळ्यांनी तिबेटी रोटी आणि अंडी घेतली तर वेळेवर निघाल" हे वाक्य मी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत इतक्या वेळा म्हटले की मालकीणबाई नुसत्या हसायच्या.

बाकीची कामे कष्टाची पण सरळ होती. सकाळी पाहुणे गेले की सिरक, म्हणजे त्यांच्याकडच्या जाड रजया, उन्हात टाकायच्या; खोल्या झाडायच्या; पिंपातले पाणी रात्री गोठले असेल तर फोडून बादल्या भरायच्या; दुपारी लसूण सोलायचा, कारण उंचीवर लसणाचे सूप चांगले, अशी सर्व पाहुण्यांची ठाम समजूत असते आणि ते सर्वांत जास्त खपते. संध्याकाळी जेवणघरातली बुखारी पेटवायची. पाहुणे जेवले की वाटाडे आणि हमाल जेवतात, आणि त्यांच्याही मागून घरची माणसे व आम्ही. हे शेवटचे जेवण स्वयंपाकघरात, चुलीभोवती, मेनूकार्डात नसलेल्या गोष्टींचे असायचे: ढिंडो म्हणजे पिठाची घट्ट उकड, गुंद्रुकाची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची, आमटी आणि सिलटिमुर हा डोंगरी मसाला घालून वाटलेली झणझणीत चटणी. ताटात भात कमी झालेला दिसला की विचारल्याशिवाय डाव पालथा पडायचा. नको असेल तर दोन्ही हात ताटावर आडवे धरावे लागतात, ही पद्धत आपल्या पंगतीतली असल्याने मला शिकवावी लागली नाही.

लॉजचे अर्थकारण आपल्या ट्रेकर मंडळींनी समजून घेण्यासारखे आहे. एका वस्तीतल्या सर्व लॉजचे खाण्याचे दर स्थानिक समिती ठरवते, म्हणून दोन दारांवर घासाघीस करण्यात अर्थ नसतो. गॅसची टाकी खेचरांवरून किंवा माणसाच्या पाठीवरून वर येते आणि जसजसे वर जावे तसतसा चहा महागतो. खोलीचे भाडे मात्र नाममात्र असते, कारण पाहुणा दोन्ही वेळा तिथेच जेवेल हा हिशेब त्यामागे असतो. तेव्हा नाममात्र भाड्याची खोली घेऊन सोबतच्या दशम्या, चटणी आणि "फक्त गरम पाणी द्या" यांवर मुक्काम काढणारा गट मालकिणीला सरळ तोट्यात घालतो. असे गट आले की ते पुण्या-मुंबईचे आहेत हे मला पाठीमागूनही ओळखता येत असे आणि समजूत काढायला अर्थातच मलाच पुढे केले जाई.

आता मन खात राहिलेली गोष्ट. लॉजवर खालच्या गावातला, तमांग समाजाचा एक मुलगा महिन्याच्या पगारावर मदतनीस होता. गप्पांच्या ओघात मालकीणबाईंनी अगदी सहज सांगितले की दरवर्षी हंगामात त्या दोन मुले बोलावतात, यंदा स्वयंसेवक येणार म्हणून एकालाच बोलावले. त्यांच्या दृष्टीने यात लपवण्यासारखे काही नव्हते. माझ्या दृष्टीने मात्र मी ज्याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणत होते, ती कुणाच्या तरी दोन महिन्यांच्या पगारातून चालली होती.

जाणकारांनी यावर काय वाटते ते सांगावे. अन्य देशांतील अनुभव असल्यास तेही वाचायला आवडतील.

---

नवखा_प्रवासी

अतिशय उपयुक्त लेख. माझा विचार जपानमधल्या किसो खोऱ्यात जाण्याचा आहे. एदो (आजचे टोकियो) आणि क्योतो यांना डोंगरातून जोडणाऱ्या जुन्या नाकासेंदो मार्गावर मागोमे आणि त्सुमागो ही मुक्कामाची गावे आहेत, आणि तिथे कुटुंबाने चालवलेल्या, मिन्शुकू म्हणतात तशा, लहान खानावळवजा सराया आहेत. पर्यटक व्हिसावर गेलो आणि पैसे घेतले नाहीत, केवळ राहणे-जेवणे घेतले, तर त्याला काम म्हणता येणार नाही, असे माझ्या मित्राचे म्हणणे आहे. हे बरोबर आहे का?

---

कलम_आणि_कायदा

नवखा_प्रवासी, मित्राच्या भरवशावर विमानाचे तिकीट काढू नका. पैसे हातात आले नाहीत म्हणजे मोबदला मिळाला नाही, ही समजूत या विषयातली सर्वांत मोठी फसगत आहे. जपानमध्ये अल्पकालीन वास्तव्याच्या दर्जावर मोबदला घेऊन काम करण्यास मनाई आहे आणि फुकट निवास व जेवण हाही मोबदला धरला जाऊ शकतो. पकडले गेल्यास तुमची पाठवणी होतेच, शिवाय ज्या वृद्ध दांपत्याने तुम्हाला ठेवून घेतले त्यांच्यावरही बेकायदा काम दिल्याचा ठपका येतो. तरुणांना सुट्टीसोबत कामही करू देणारी जपानची वर्किंग हॉलिडे योजना आहे, परंतु ज्या देशांशी तसा करार आहे त्यांत भारत नाही. यजमान तुम्हाला "विमानतळावर मित्राकडे आलो आहे असे सांगा" म्हणाला, तर तिथेच हात जोडावेत.

न्यूझीलंडमध्ये तर शब्दांचा खेळही उरत नाही, कारण तिथले इमिग्रेशन खाते निवास आणि जेवणाच्या बदल्यातील श्रमांनाही कामच समजते. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा करता येते, मात्र ती तीस दिवसांपर्यंतच आणि तीही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत. खासगी सरायीत नव्हे. त्याउलट ऑस्ट्रेलियाने 2024 पासून 18 ते 30 वयोगटातील भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसाची दारे उघडली आहेत. वर्षाला 1,000 जागा असतात आणि त्यांसाठी सोडत निघते. नंबर लागला तर तिथे उजळपणे पगार घेऊन काम करता येते, मग फुकट राबण्याचे कारणच काय?

धागाकर्तींनी नेपाळविषयी लिहिले आहे ते व्हिसाच्या बाबतीत ठीक आहे. एकच पुस्ती जोडतो. करारामुळे प्रवेशाचा आणि वास्तव्याचा प्रश्न सुटतो, पण अपघात झाला तर नुकसानभरपाई कोण देणार हा प्रश्न सुटत नाही. प्रवास विम्याच्या पुष्कळ पॉलिसींत ठरावीक उंचीच्या वरचे आणि अंगमेहनतीचे काम करताना झालेले अपघात वगळलेले असतात. हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, आणि तो किती मीटरपर्यंत, हे बारीक अक्षरांत वाचूनच निघावे.

---

पाठीवरची_पिशवी

डोंगरवाट, लेख आवडला, परंतु शेवटच्या परिच्छेदातला अपराधभाव मला पटला नाही. नेपाळच्या डोंगराळ भागातली तरणी पोरे मोठ्या संख्येने आखाती देशांत आणि मलेशियात कामाला जातात. अनेक लॉजमालक हंगामात मदतनीस मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलेले मी अन्नपूर्णा भागात पाहिले आहेत. अशा वेळी चार भाषा बोलणारा, हिशेब येणारा माणूस आपणहून येत असेल, तर त्याने कुणाची भाकरी हिसकावली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शिवाय स्वयंसेवक परत जाऊन दहा जणांना सांगतो, त्यातले दोघे जण गिऱ्हाईक म्हणून येतात, हाही फायदा धरायला हवा.

आपण मध्यमवर्गीय माणसे प्रत्येक आनंदाला अपराधाची फोडणी दिल्याशिवाय तो पानात घेत नाही, असे कधी कधी वाटते.

---

ओस्लोकर

नॉर्वेतले चित्र सांगतो, कारण ते या चर्चेला थोडे वेगळे वळण देईल असे वाटते. इथे डोंगरातली बहुतेक निवासस्थाने खासगी मालकाची नसून 1868 साली स्थापन झालेल्या नॉर्वेजियन ट्रेकिंग असोसिएशनची, म्हणजे डीएनटीची, किंवा तिच्या स्थानिक शाखांची आहेत. देशभरात त्यांच्या साडेपाचशेच्या आसपास केबिन आहेत. काहींत पगारी कर्मचारी आणि तयार जेवण असते. काही स्वयंसेवेच्या, म्हणजे पाहुण्याने स्वतःच सर्व करायच्या असतात: कोठीत डबाबंद अन्न, पीठ, कॉफी ठेवलेली असते, आपण हवे ते घ्यायचे, यादीत खूण करायची आणि पैसे भरायचे. कुलूप लावलेल्या केबिनसाठी सभासदांना एकच सामायिक किल्ली मिळते. लाकडे फोडून, पाणी आणून, भांडी घासून आणि जमीन पुसून पुढच्यासाठी जागा तयार ठेवूनच निघायचे, हा नियम इतका अंगवळणी पडलेला आहे की तो कुणी कुणाला सांगत नाही.

या केबिनांवर हंगामात शाखेचे सभासद आठवडाभर राखणदार म्हणून राहतात. मी स्वतः एका उन्हाळ्यात हे काम केले आहे. आलेल्यांना खाटा वाटून देणे, कोठीचा साठा मोजणे, धुराडे तपासणे, वाटेवरच्या दगडांवरचे लाल "टी" पुसट झाले असतील तर ते पुन्हा रंगवणे, अशी कामे असतात. मोबदला नाही आणि कुणाला त्याची अपेक्षाही नाही. इथे माझ्यामुळे कुणाची नोकरी जात नाही, कारण त्या जागेवर पगारी माणूस कधी नव्हताच. आणि माझ्या श्रमातून कुणाचा खासगी नफाही वाढत नाही, कारण संस्था सभासदांचीच आहे. डोंगरवाट यांना जे खुपले, ते काम फुकट असण्यामुळे खुपले नसावे. ते फुकट काम कुणाच्या गल्ल्यात जमा झाले, या प्रश्नाने खुपले असावे.

एक स्पष्ट करतो: मी इथे नोकरीनिमित्त रहिवासी परवान्यावर राहतो. भारतातून शेंगेन पर्यटक व्हिसावर येऊन हे करता येईल असा याचा अर्थ कृपया काढू नये.

---

अबोली

एकटीने राहण्याविषयी डोंगरवाटताईंनी दोन ओळी लिहाव्यात. घरच्यांचा पहिला प्रश्न तोच असणार आहे.

---

डोंगरवाट (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. अबोलीपासून सुरुवात करते. लांगटांगमधली बरीच लॉज व्यवहारात बायकाच चालवतात. स्वयंपाकघर, गल्ला आणि मदतनिसांवरचा वचक हे तिन्ही "दिदी"च्या हाती असते. तिथे आपण "बहिनी" झालो की निम्मी काळजी मिटते. तरीही जाण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: झोपायला आतून कडी असलेली स्वतंत्र खोली मिळेल का, घरात बाईमाणूस पूर्ण काळ असेल का, आणि हंगाम संपत आल्यावर मालक कुटुंब काठमांडूला उतरणार असेल तर कोणत्या तारखेला. तिसरा प्रश्न कुणाला सुचत नाही, पण थंडी वाढली की वस्त्या भराभर रिकाम्या होतात आणि रिकाम्या लॉजवर "तुम्ही चार दिवस सांभाळा" असे म्हणून मागे राहण्याचा आग्रह झाला, तर तो मान्य करू नये. लॉजचे नाव-पत्ता घरी द्यावा आणि शेजारच्या लॉजवाल्यांशीही ओळख करून ठेवावी.

पाठीवरची_पिशवी, मदतनीस मिळत नाहीत हे बऱ्याच ठिकाणी खरे आहे आणि आमच्याकडेही तसे असते तर मी हा मुद्दा मांडलाच नसता. परंतु आमच्या लॉजवर दुसरा मुलगा मिळत होता, दरवर्षी येत होता, आणि केवळ माझ्यामुळे त्याला निरोप गेला नाही. यात सरसकट विधान करण्यासारखे काही नाही. प्रत्येक लॉजवर चौकशी करूनच कळेल. गिऱ्हाईक वाढण्याचा फायदा मी मान्य करते, मात्र तो मालकिणीच्या पदरात पडतो, त्या मुलाच्या नव्हे.

ओस्लोकर यांनी माझ्या डोक्यातला गुंता बरोबर उकलला. त्या दृष्टीने पाहिले तर लांगटांगमध्येही फरक करता येतो. वाटेवरचा कचरा खाली आणणे, गावातल्या मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेणे, लॉजवाल्यांना ऑनलाइन आरक्षणाची व्यवस्था लावून देणे, ही कामे आधी कुणी पगारावर करत नव्हते. रजया वाळत घालणे आणि भांडी घासणे हे मात्र कुणाच्या तरी चुलीचे काम आहे. मला ते सर्वांत जास्त आवडले होते, ही त्यातली अडचण.

---

वैद्यबुवा

डॉक्टर या नात्याने एक मुद्दा, कारण तो कुणी मांडला नाही. ट्रेकिंगला गेलेला माणूस उंचीवर पोहोचला की विश्रांती घेतो. स्वयंसेवक पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बादल्या उचलू लागतो. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि मध्ये मुक्कामाचा एक जादा दिवस घ्यावा, हा सर्वसाधारण संकेत आहे. लामा हॉटेलहून लांगटांग गाव ही चढाई एका दिवसात हजार मीटरच्या आसपास भरते. म्हणून यजमानाला आधीच कळवावे की पहिले दोन-तीन दिवस मी फक्त बसून करायची कामे करीन. डोकेदुखी, मळमळ, झोकांड्या जाणे यांपैकी काही असताना "नवीन माणूस कामचुकार आहे असे वाटेल" या भिडेपोटी काम रेटणारी तरुण मुले मी पाहिली आहेत. भिडेला तिथे जागा नाही. लक्षणे वाढली तर त्याच दिवशी खाली उतरावे. लसणाच्या सुपाने उंचीचा आजार टळतो याला भक्कम पुरावा नाही, पण त्या निमित्ताने पोटात गरम पाणी जाते, तेव्हा खुशाल प्यावे.

---

नवखा_प्रवासी

कलम_आणि_कायदा यांचे आभार. जपानला आता पाहुणा म्हणूनच जाईन, पैसे भरून. लॉजवर राहण्याची हौस लांगटांगमध्ये भागवावी असे ठरते आहे. डोंगरवाट, पुन्हा गेलात तर व्यवहार कसा ठरवाल?

---

डोंगरवाट (धागाकर्ती)

खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण यांचे पैसे समितीच्या दराने भरीन, आणि मग दिवसातले दोन तास हौसेने हातभार लावीन, असे ठरवले आहे. मालकीणबाईंना फोनवर तसे सांगितले तेव्हा त्यांना आधी हे कोडेच वाटले: पैसे देणारा पाहुणा लसूण का सोलेल? दुसऱ्या मुलाला या वर्षी बोलावणार असाल तरच येते, असेही म्हटले. त्यावर "बोलावते, पण ऑर्डरची वही तूच लिहायची" असे उत्तर आले. त्या मुलांना लिहिता येत नाही असे नाही. मराठी गटांशी वाद घालायला त्यांना कुणीतरी हवे आहे.

आपल्याला वेळ असेल तर दसऱ्याच्या सुट्ट्या, म्हणजे त्यांचे दशैं, टाळून त्यानंतर जावे. त्याच्या तारखा दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बदलतात. त्या काळात बस भरलेल्या असतात, आणि कामावरची मुले घरी गेलेली असल्याने लॉजवाल्यांना नव्या माणसाला काही शिकवायला सवड नसते. राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशशुल्कात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे, तेव्हा तपासनाक्यावर ओळखपत्र हाताशी ठेवा.